अल्सेशियनचं हक्कसोडपत्र

माझी सगळी नोकरी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेली. समोर बसलेला माणूस खोटं बोलतोय हे मला त्याच्या तपशिलांवरून कळायचं. खरं बोलणारा अडखळतो. खोटं बोलणाऱ्याकडे सगळं तयार असतं: वार, वेळ, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. मला कोणी फसवू शकत नाही, असं मी बायकोला अनेक वर्षं ऐकवत आलो. ती ऐकून घेत आली.

तर त्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये, टेबलाशी बसून मी म्हणालो, "मंगळवारी सकाळी साडेसहाला दूध आणायला निघालो होतो. झेरॉक्सच्या दुकानापुढे हा बसलेला. पूर्वेला ट्रान्सफॉर्मर आहे."

टेबलामागच्या बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. तिशी-पस्तिशीच्या असतील, ओढणीवर चिखलाच्या पंजांचे ठसे. "ट्रान्सफॉर्मर कायकू लिखना अंकल?"

"नाही, आपलं... जागा कळावी म्हणून."

त्यांनी ट्रान्सफॉर्मर लिहिला नाही. माझ्या पायाशी दोन वर्षांचा अल्सेशियन मागचे पाय एका बाजूला टाकून पडला होता. तो मला झेरॉक्सच्या दुकानापुढे सापडला नव्हता. तो माझाच होता. त्याच्या गळ्यातला पट्टा मी वाटेत ऑटोत काढला होता आणि तो आता माझ्या पँटच्या उजव्या खिशात होता. वाकलो की बक्कल मांडीला टोचत होतं. बाकी मला काही होत नव्हतं. वाईट वाटेल अशी तयारी करून मी आलो होतो, पण ते आलं नाही. मनात प्रश्न एकच होता: हे लोक याला ठेवून घेतात की नाही? नाही घेतला, तर याला घेऊन परत तीन मजले चढायचे.

हे कसं झालं ते क्रमानं सांगतो. क्रमाची मला सवय आहे.

आमचे आजोबा निजामाच्या माल खात्यात, म्हणजे महसुलात, वडील हेडक्लार्क, मी नोंदणीत. तीन पिढ्या आम्ही लोकांच्या जमिनींचे कागद वाचले. स्वतःची जमीन म्हणाल तर बाल्कनीतल्या कुंडीत आहे तेवढी. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडील मला एकदा सिकंदराबादला एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेले होते. फाइलवर सही हवी होती. साहेब आत जेवत होते. वडील फाइल छातीशी धरून उन्हात उभे, आणि व्हरांड्यात पंख्याखाली एक अल्सेशियन बसलेला. त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या कोणा मुलानं तेव्हा ठरवलं असतं की मोठं होऊन साहेब व्हायचं. मी ठरवलं, अल्सेशियन आणायचा.

ते राहून गेलं आणि मी रिटायर झालो. पहिल्याच महिन्यात पेन्शनच्या कामाला माझ्याच कचेरीत गेलो, तर ज्याला मी अर्जावर तारीख टाकायला शिकवलं तो म्हणाला, "बैठो साब," आणि खुर्ची नव्हती. घरी आलो तो ठरवूनच.

बायको म्हणाली, "कुत्राच पाळायचाय ना? खाली जिन्यापाशी तीन आहेत. त्यातला एक निवडा. माझ्या हातचं खातातच ते."

"त्यांचे कागद आहेत का?"

"तुमच्या सगळ्या मित्रांचे आहेत का?"

ती माझी बायको आहे आणि माझ्या मामाची मुलगीही आहे. त्यामुळे ती मला दोन्ही नात्यांनी बोलते. आमच्याकडे ही चाल होती, इथल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे तर अजून आहे. हे इथं नमूद करून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

पिल्लं विकणारा माणूस सिकंदराबादच्या बाजूला एका गल्लीत राहत होता. भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पाच पिल्लं. मी विचारलं, "यांची आई?"

"माँ गाँव में है साब."

माझ्या टेबलावर कोणी "ओरिजिनल गावी आहे" म्हणालं असतं तर मी फाइल बाहेर फेकली असती. पण तेवढ्यात त्यानं तो कागद माझ्या हातात दिला आणि माझी विचारशक्ती संपली. हिरवी सोनेरी किनार. मधे पिल्लाचा नंबर, त्वचेखाली टोचलेल्या चिपचा नंबर, आणि तिथून फांद्या फुटल्यासारखी वंशावळ: बाप, आई, दोघांचे आई-बाप, त्यांचेही आई-बाप. इतका स्वच्छ लिंक डॉक्युमेंट, म्हणजे आधीच्या मालकांची साखळी दाखवणारा कागद, मी दिलसुखनगरच्या कुठल्याही प्लॉटचा बघितला नव्हता. मध्ये एक कडी तुटलेली नाही, कुणी वारसाविना मयत नाही, कशावर बोजा नाही. मी चष्मा पुसून परत वाचलं. एक नाव बापाच्या बाजूला पणजोबा म्हणून होतं, तेच आईच्या बाजूला पणजोबा म्हणून, आणि आणखी एका फांदीवर तिसऱ्यांदा.

"हे नाव तीनदा आलंय."

"हौ साब!" तो खूश झाला. "चॅम्पियन खून है. बाहर का कोई नै, सब घर के घर में."

घरातल्या घरात! माझ्या मुलीची वंशावळ काढली तर तिथेही पणजोबा दोन्हीकडून एकच निघतो. मला परकं काही वाटलंच नाही. उलट, चांगल्या घरात आलो असं वाटलं. इस्टेट बाहेर गेलेली नाही. मी पाचांतलं सर्वांत मोठ्या पंजांचं पिल्लू उचललं. निघताना त्यानं एक फॉर्म दिला. "ये भरके, ओरिजिनल कागद के साथ भेज दो. नाम आप पे हो जाता."

आता ऐका. बाबांनो, खरेदी झाली म्हणजे संपलं नाही, रेकॉर्डला नाव चढवून घ्या, नाहीतर रडाल, हे वाक्य मी तेहतीस वर्षं लोकांना ऐकवलं. आणि मी स्वतः काय केलं? एवढा सुंदर कागद पोस्टात हरवला तर, म्हणून तो पाठवलाच नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करून घेतला. लॅमिनेट केलेला दस्त घेऊन कोणी कचेरीत आला की मी त्याच्या बारशापासून त्याचा उद्धार करत असे. तो लॅमिनेट मी हॉलमध्ये खिळ्याला अडकवला, दारातून आत येणाऱ्याला आधी दिसेल असा. कुत्रा मात्र रेकॉर्डला त्या गल्लीतल्या माणसाच्याच नावावर राहिला.

आठ-नऊ महिने माझे फार चांगले गेले. सकाळी फिरायला निघालो की लोक बाजूला व्हायचे. किराणावाला मला "सार" म्हणायला लागला. कुत्रा स्वतः तसा साधा होता. कुकरच्या शिट्टीला कॉटखाली जायचा, संक्रांतीला आभाळात पतंग दिसले की घरी चला म्हणून ओढायचा. ते मी कुणाला सांगत नसे. मग तो मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारत पळायला लागला, सशासारखा. बसताना एका कुल्ल्यावर बसायचा. शेजारचे विचारायचे, असा का पळतो? मी सांगायचो, "ही जातिवंत चाल आहे. रस्त्यावरच्यांना जमत नाही." असं मी चांगले दोन महिने सांगितलं. तो दुखत दुखत पळत होता आणि मी बाजूला उभा राहून त्याच्या खानदानाचं कौतुक करत होतो.

शेवटी बायकोनंच कोठी भागातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर गेलो, लॅमिनेट काखेत मारून.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "खुब्यांची खोबणच नीट बसलेली नाही. दोन्हीकडची. घेताना आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे बघितले होते का?"

"वंशावळ बघितली होती." मी कागद पुढे केला.

त्यांनी वाचला आणि एका नावावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. "हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं ना. म्हणूनच घेतला."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "दिसणं चांगलं यावं म्हणून हे लोक घरातल्या घरात लावत राहतात. दिसणं येतं. मग खुबेही तेच येतात."

बायको इतका वेळ कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. ती म्हणाली, "आमच्या दोघांचेही गुडघे एकाच आजोबांचे आहेत डॉक्टर. आम्हालाही कुणी आधी एक्स-रे विचारला नाही." डॉक्टरांना हसावं का नाही ते कळेना. मी हसलो. ती हसली नव्हती.

ऑपरेशनचं ते म्हणाले की करता येतं, पण या दोन खुब्यांची ते खात्री देणार नाहीत. गोळ्या लिहून दिल्या. वजन वाढू देऊ नका. गुळगुळीत फरशी नको. "आणि जिना अजिबात नको. तळमजला आहे ना तुमचा?"

आमचा तिसरा मजला आहे. बिल्डरनं लिफ्टची जागा ठेवली होती. त्या जागेत कॉलनीच्या गणपतीच्या मांडवाचे बांबू असतात.

मग चादर आली. जाड सोलापुरी चादर. तिच्यात त्याला झोपवायचं, पुढची टोकं वॉचमननं धरायची, मागची मी. सकाळी खाली, वर. संध्याकाळी खाली, वर. चौतीस किलो. जो कुत्रा बघून लोक बाजूला व्हायचे, तो आता चादरीतून निघाला की लोक भिंतीला चिकटून वाट देत आणि हळहळत. तो चादरीतून मान वर काढून सगळ्यांकडे बघायचा. त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता, तो मलाच वाटायचा. असे सहा-सात महिने गेले. मग वॉचमन गावी गेला तो आलाच नाही, त्याच्या जागी आलेल्या म्हाताऱ्याला स्वतःलाच कोणी धरावं लागत होतं. बायकोनं टोकं धरायला सुरुवात केली. आणि एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा पाय चुकला. मी खाली, माझ्यावर कुत्रा, त्याच्यावर चादर, आणि वरच्या पायरीवर बायको हातात नुसतं टोक धरून उभी. मला कमरेला पट्टा बांधावा लागला. त्याला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून चादर काढली की तो कॉटखाली जायला लागला, कुकरसारखंच.

तळमजला आम्ही शोधला नाही असं नाही. कुत्रा म्हटलं की घरमालक नाही म्हणायचे. एकानं हो म्हटलं आणि वर असंही विचारलं, की कुत्रा किती दिवसांचा सोबती आहे? बायकोनं ते घर तिथंच सोडलं.

शेल्टरला मी आधी फोन केला होता. तिकडून सांगितलं: मालक स्वतः सोडायला येणार असेल तर यादी आहे, जागा नाही, नंबर लागेल तेव्हा कळवू. रस्त्यावर जखमी किंवा अधू सापडला तर लगेच घेऊ. मी फोन ठेवला. कायद्यातली फट मला दाखवावी लागत नाही, ती आपोआप दिसते.

बायकोला मी सांगितलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एका पिशवीत त्याचा वाडगा, गोळ्या आणि ती चादर भरून दाराशी ठेवली. सामान भरून कोण रस्त्यावर सापडतो? पिशवी मी जिन्याखाली ठेवून दिली, ऑटोवाल्याच्या मदतीनं कुत्र्याला उतरवलं आणि ट्रॉली ऑटोत बसलो.

तर आपण टेबलापाशी होतो. बाईंनी एक छोटं यंत्र त्याच्या मानेवरून फिरवलं. ते वाजलं. "अरे, चिप है इसको! किसी का पाला हुआ है." एरवी मी इथंच पकडलो गेलो असतो. मला आठवलं, रेकॉर्डला माझं नाव नाहीच. आयुष्यात प्रथमच माझा हलगर्जीपणा माझ्या कामी आला.

"काय लोक असतात," मी म्हणालो.

"हौ ना अंकल," त्या म्हणाल्या. "रोज मिलते. परसों एक सेंट बर्नार्ड मिला, फ्लायओवर के नीचे. हैदराबाद के रस्तों पे जितने सेंट बर्नार्ड मिलते ना, उतने बर्फ में बी नै मिलते होंगे."

त्याला आत न्यायला त्यांनी मलाच एक बाजू धरायला लावली. हातात तिथली एक चादर आली आणि मी सवयीनं मागची टोकं धरली. आत रांगेनं पिंजरे, एकेकासाठी बांधलेल्या जागेत तीन-तीन. बाई चालता चालता ओळख करून देत होत्या, जशी शाळेत नव्या मुलाला वर्गाची करून देतात. हा हस्की, फोटो बघून घेतला, एसी बंद केला की रडतो म्हणून आला. हा बीगल, फ्लॅटच्या असोसिएशननं तक्रार केली. ही लॅब्राडोर, पिल्लं होणं थांबलं तेव्हा विकणाराच गेटला बांधून गेला. हा पग, ज्योतिष्यानं घराबाहेर काढला, सुनेला दिवस गेले तेव्हा. त्या सेंट बर्नार्डचे मालक परदेशी गेले. "सब कागदवाले," त्या म्हणाल्या. "गली का कुत्ता यहाँ ठीक होके वापस अपने गली में जाता. उसका इलाका रहता. इनका कौन सा इलाका? सोफा."

सगळे भुंकत होते. आमचा भुंकला नाही. त्याला भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवला. मी म्हणालो, "बरं, येतो," आणि आलो. गेटपर्यंत माझ्या चपलांचा आवाज सिमेंटवर वाजत होता एवढं मला आठवतं.

घरी बायकोनं विचारलं, "घेतला?"

"घेतला."

"बरं."

वांग्याची भाजी होती. मी नेहमीएवढंच जेवलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. दोन दिवसांनी तिनं पँट धुवायला घेतली तेव्हा खिशात पट्टा निघाला. तिनं तो पुसला आणि हॉलमध्ये लॅमिनेटच्या खिळ्यालाच अडकवला. आम्ही दोघं त्या भिंतीसमोर बसून रोज चहा प्यायचो. कुकर वाजला की ती एकदा कॉटकडे बघायची, मी पेपरात बघायचो.

तीनेक आठवड्यांनी फोन आला. "अंकल, शेल्टर से. वो आपको जो अल्सेशियन मिला था ना, ट्रान्सफॉर्मर वाला."

"हो हो. बरा आहे ना?"

"अच्छा है. एक फॅमिली आई, उप्पल के आगे उनका घर है. नीचे का घर, मिट्टी का अंगन. अम्मा-नान्ना और एक बड़ी बेटी, तीनों को ये ही पसंद आया. पाँव का सब बताए, तो बी होना बोले. लेकिन हम दे नै सकते."

"का?"

"चिप जिसके नाम पे है वो फोन उठाता नै, दुकान बंद करके चला गया. मिला हुआ कुत्ता है, चिप है, मतलब मालिक है. कल को मालिक आके हंगामा किया तो? इनके घर से निकाल के ले गया तो? हमारे यहाँ एक बार हो गया. इसलिए रुके. वो लोग बी कितने दिन रुकते? उनको दूसरा पसंद आ जाएगा."

माझ्याच खोट्यानं त्याचा तळमजला अडवून धरला होता. असा दावा टाकून मालमत्ता अडवणारे लोक मी आयुष्यभर बघितले, त्यांना मी काय म्हणायचो ते इथं लिहिता येणार नाही.

बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अंकल, आपके कॉलनी में वो मालिक कबी दिखा तो बोलो उसको. यहाँ कोई डाँटता नै. बस आके एक कागद पे साइन कर दे."

"दिसला तर सांगतो."

"बोलो उसको, उसके बाद वाला मालिक रुक के बैठा है."

"पण तो आमच्या कॉलनीतला असेल असं तुम्हाला का वाटतं?"

"आप उस दिन गए ना, तो आपके चप्पल का आवाज गेट के बाहर जाने तक उसके कान घूमते रहे. बाद में बी. कोई बी चप्पल पहन के आया तो कान उठाता, फिर रख देता."

मी म्हणालो, "अच्छा." फोन ठेवला. बायकोला सगळं सांगितलं, मालक दिसला तर काय सांगायचं तेसुद्धा. ती भिंतीवरचा लॅमिनेट आणि पट्टा काढायला उठली. मग आत जाऊन तिनं माझे बूट आणून दाराशी ठेवले, रिटायरमेंटच्या दिवशी घातलेले, कागद कोंबलेले.

"चप्पल नका घालू," ती म्हणाली.

"तू येतेस?"

"माझे पायसुद्धा ओळखतो तो."

शेल्टरच्या टेबलावर मी पट्टा ठेवला, लॅमिनेट ठेवला आणि म्हणालो, "मालक भेटला."

"हौ?" बाईंनी कागदावरचा नंबर चिपच्या नंबराशी ताडून बघितला. एवढा एकच दिवस तो कागद कशाला तरी उपयोगी पडला. मग त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. चार ओळी होत्या. मी वाचल्या आणि माझ्यातला कारकून जागा झाला. "हे टिकणार नाही," मी म्हणालो. "यावर कोणीही उद्या भांडेल. कोरा कागद द्या."

आणि मी माझ्या हातानं त्याचं हक्कसोडपत्र लिहिलं. मी अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की सदर कुत्रा माझा आहे, रस्त्यात सापडला हे मी खोटं सांगितलं होतं, त्याच्यावर आजपासून माझा, माझ्या पत्नीचा, माझ्या वारसांचा कसलाही हक्क, संबंध, दावा राहिला नाही. पेन अडखळलं नाही. असे दस्त मी हजारोंनी नोंदवले आहेत, बहुतेक बहिणींचे, भावाच्या नावे माहेरचं घर सोडून देणाऱ्या. अक्का, इथं सही. अक्का, इथं अंगठा. मी वर बघत नसे. एकदा एक बाई अंगठा पुसत दारापर्यंत गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "आता तिथं गेले तर पाहुणी म्हणून जायचं का?" मी म्हणालो, "पुढचा नंबर."

सही केली. साक्षीदार म्हणून शेल्टरच्या एका डॉक्टरांनी आणि पिंजरे धुणाऱ्या बाईंनी सही केली. मी लॅमिनेट पुढे सरकवला. "हा त्यांना द्या. मूळ कागद आहे. वंशावळ."

"मैं पूछी उनको. कागद नक्को बोले."

"नको? यात पणजोबापर्यंत..."

"वो लोग एकीच चीज पूछे अंकल. दही-चावल खाता क्या? उनके घर में वही पकता."

मी तोंड उघडलं. त्याच्या पणजोबाचं नाव मला पाठ होतं. पणजीचंही सांगितलं असतं. दही-भात तो खातो की नाही हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्याला जेवायला बायकोनं घातलं. मी त्याला फक्त लोकांना दाखवला आणि मग फक्त उचलला.

"एक मिनिट," मी म्हणालो आणि घरी फोन लावला.

तिनं पहिल्या रिंगला उचलला. मी विचारलं. मागे कुकर वाजत होता. ती म्हणाली, "खातो. मीठ घालायचं नाही म्हणावं. हातानं कालवून द्यायचा, चमच्यानं दिला तर तोंड फिरवतो. आणि तो जेवत असताना कुणीतरी जवळ बसायचं, नाहीतर अर्धा ठेवतो."

"बरं."

"लिहून द्या. तुम्ही तोंडी सांगाल आणि विसराल."

बाईंनी विचारलं, "मिलके जाते क्या अंकल? दूसरी लाइन में है."

"नको."

त्यांनी टेबलाखाली माझ्या पायांकडे बघितलं, बुटांकडे, आणि परत विचारलं नाही.

हक्कसोडपत्राला अट घालता येत नाही. अट घातली की ते हक्कसोडपत्र राहत नाही, एवढं साधं तुम्हाला कळत नाही का, असं म्हणून मी किती दस्त परत पाठवले असतील. मी तो कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं: दही-भात, मीठ नाही, हातानं कालवून, जेवताना जवळ बसणे. खाली पुन्हा सही केली. बाईंना ते वाचता आलं नाही, मराठी होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी शेजारी तेलुगूत लिहून घेतलं आणि दोन्ही बाजूंना शिक्का मारला.